रक्ताच्या स्टेम सेलवर प्रोजेक्ट: गावठी अंडं की झेब्राफिश?

एमएस्सीला हा विषय घेतलाय आणि प्राणी ठरत नाही, अशांसाठी लिहितोय. रत्नागिरीत राहून मी दोन्ही केलंय.

मान आधी अंड्याचा. रक्ताच्या कायमस्वरूपी स्टेम सेल (ज्यांतून आयुष्यभर रक्तपेशी बनत राहतात) पीतक-पिशवीतून, म्हणजे बलकाभोवतीच्या पिशवीतून नव्हे, भ्रूणाच्या अंगातूनच येतात, हे फ्रेंच भ्रूणशास्त्रज्ञ दिएतेर्लें-लिएव्र यांनी १९७५ साली दाखवलं ते लाव्याचा भ्रूण कोंबडीच्या पीतक-पिशवीवर बसवून. असली कलमं माशात इतकी सुबक जमत नाहीत. शिवाय वाडीत कोंबडा असला की फलित अंडी मिळतात. कवचाला खिडकी पाडली की तिसऱ्या दिवशी शिरांचं लाल जाळं आणि मध्ये उडणारं हृदय, बघतच राहावं असं.

पण पावसात आमच्याकडे लाईट जाते, आणि तिथेच सगळं अडतं. अंड्याला साडेसदतीस अंश लागतात. इनक्युबेटर गार झाला की भ्रूण मागे पडतो. किती मागे, ते कळत नाही. आणि हा विषय तर सगळा वेळेचाच. पेशींना एकामागून एक संकेत मिळतात: पृष्ठरज्जूकडून (भ्रूणाच्या पाठीतल्या दांड्याकडून) हेजहॉग, त्यातून व्हीईजीएफ, मग नॉच. तेव्हा कुठे महाधमनीच्या तळाशी मोजक्या पेशींत स्टेम सेल घडवणारं रन्क्स-वन जनुक चालू होतं. नॉच अडवायला डॅप्ट हे औषध दिलं आणि फरक पडला नाही, तर औषध फसलं की वेळ टळली? गाईडपुढे काय सांगणार?

माशाला साडेअठ्ठावीस अंश पुरतात. पावसाळ्यात आमची खोली तशीही त्याच्या आसपास असते. हवेचा पंप बॅटरीवर चालतो. सकाळी उजेड झाला की अंडी पडतात, शे-दीडशे भावंडं एकाच वयाची. औषध सरळ पाण्यात टाकायचं. प्रोस्टाग्लँडिन ई-टू या स्टेम सेल वाढवतं, हे २००७ साली अशीच रसायनं पाण्यात घालून सापडलं. पुढे ते माणसाच्या नाळेतल्या रक्तावरही आजमावलं गेलं. छत्तीस तासांच्या सुमाराला इन सिटू (जनुक कुठे चालू आहे ते रंगाने दाखवणारी चाचणी) करा, रन्क्स-वनची निळी रेघ धमनीच्या तळाशी दिसते.

उणीव आहेच: माशाचं रक्त मोठेपणी अस्थिमज्जेत नाही, मूत्रपिंडात तयार होतं. आणि सुरमईच्या गावात दोन पेरांएवढा मासा सांभाळतो म्हणून लोक हसतात, ते वेगळंच.

कलमं करणारा हात आणि भरवशाचा इन्व्हर्टर असेल, तर अंडं खुशाल घ्या. नाहीतर मी मासाच सुचवेन. फक्त अंडी वेळेवर पडायला लागणाऱ्या चौदा तास उजेड, दहा तास अंधार यासाठी टायमर बॅटरी-बॅकअपवाला घ्या, कारण साधा टायमर लाईट गेली की तितकाच मागे पडतो.