मदरबोर्ड बदलला, बिघाड एसएमपीएसमध्ये होता

ऐन लग्नसराईत माझा कॉम्प्युटर दगा द्यायला लागला. मी डीटीपीवाला, पत्रिका, हँडबिलं, संस्थांचे अहवाल. कोरलमधून मोठी फाइल एक्सपोर्टला टाकली की स्क्रीन काळी आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. हे सगळं मी दुरुस्तीवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पहिल्या खेपेला त्याने फॉरमॅट मारला, ६०० रुपये. दुसऱ्या खेपेला ‘हार्ड डिस्क वीक आहे साहेब’, म्हणून नवी एसएसडी, २,८००. तिसऱ्या खेपेला मान हलवत म्हणाला, ‘मदरबोर्ड गेलाय.’ ६,५००. जुना बोर्ड त्याच्याकडेच राहिला, मीही मागितला नाही. दर वेळी मशीन दोन तास चालू ठेवून दाखवायचा. चालणारच की! नुसता डेस्कटॉप उघडून ठेवला तर लोड येतो कुठून? मी घरी येऊन पत्रिका काढायला बसलो की चार-पाच दिवसांत पुन्हा तेच.

शेवटी भाचा आला. त्याने विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर उघडला. प्रत्येक वेळच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’. मला वाटलं, सापडला चोर. तो म्हणाला, ‘मामा, मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच हा सांगतो. कशामुळे, ते आपणच शोधायचं.’ रात्रभर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट चालवली. रॅममध्ये एकही चूक नाही. (दर वेळी वेगळ्याच कोडची निळी स्क्रीन येत असती तर मी आधी रॅमवरच संशय घेतला असता, म्हणाला.) प्रोसेसरचं तापमानही ठीक. मग त्याने स्वतःच्या मशीनचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, काढून माझ्या कॅबिनेटला जोडला आणि तीच फाइल लागोपाठ दहा वेळा एक्सपोर्ट केली. एकदाही बंद पडलं नाही.

माझ्या जुन्या एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारला तर आत दोन कपॅसिटरची डोकी टम्म फुगलेली, एकावर तपकिरी खरपुडी. तो डबा खोलायचा नाही हं, प्लग काढला तरी आत चार्ज राहतो. नवा एसएमपीएस २,२०० रुपयांना आला आणि आजार संपला.

जाता जाता भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून बघितलं. माझी ‘नवी’ एसएसडी तोवर ११,३४० तास चाललेली होती. म्हणजे दिवसरात्र धरली तरी सव्वा वर्षाच्या वर! माझ्याकडे ती आली होती जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी.

त्या स्क्रीनचा फोटो घेऊन दुकानात गेलो. बिल म्हणून माझ्याकडे होती वहीच्या कागदाची चिठ्ठी, ‘एसएसडी + लेबर’. ना सिरियल नंबर, ना जीएसटी. आधी म्हणाला, ‘लॉटच तसा आला असेल.’ ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर त्याच्यासमोरच लावला, तेव्हा २,८०० काढून दिले. मग मी माझा जुना मदरबोर्ड मागितला.

‘तो स्क्रॅपमध्ये गेला साहेब,’ म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा लॅपटॉप उघडायला घेतला.