शेतकरी मूळपुरुषाचा शोध: जनगणना, शेतसारा की जमिनीचं दप्तर?

पणजोबांच्या मागे घराण्यात कोण होतं, या शिवारात पहिल्यांदा नांगर कोणी धरला, हे शोधायला निघालं की पहिला प्रश्न पडतो: आधी कुठल्या कचेरीत जायचं? वंशावळीच्या शोधाबद्दल इंग्रजीत भरपूर वाचायला मिळतं आणि त्यातला क्रम ठरलेला असतो. आधी जनगणना, मग कराच्या याद्या, मग जमिनीचे दस्त. अमेरिकेसाठी तो क्रम योग्य आहे. तिथे 1850 पासून जनगणनेत प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव लिहिलं गेलं आणि 72 वर्षांनी ती पत्रकं सर्वांना खुली होतात. महाराष्ट्रात हा क्रम धरलात तर पहिल्याच पायरीवर वाट बंद होते. इथे जमिनीपासून सुरुवात करावी, तिथून साऱ्याच्या कागदांकडे जावं आणि जनगणनेकडून फारशी अपेक्षा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जनगणना: माणसं मोजली, नावं उरली नाहीत

आपल्याकडे पहिली जनगणना 1872 ची. देशभर एकाच वेळी झालेली पहिली 17 फेब्रुवारी 1881 ची. त्यांचे छापील खंड आज सहज वाचायला मिळतात आणि नवखा माणूस ते मोठ्या आशेने उघडतो. आत जिल्हावार, तालुकावार, धर्म-जातवार आकडे असतात. एकाही कुणब्याचं, माळ्याचं, धनगराचं नाव नसतं. मोजणीदारांनी घरोघर जाऊन भरलेली पत्रकं गोषवारे निघाल्यावर जपून ठेवायची पद्धतच नव्हती. पुढे 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 ने वैयक्तिक नोंदी पाहण्याची वाटही बंद केली. जुन्या गॅझेटिअरचंही तेच. तालुक्यात कोणत्या समाजाची किती माणसं होती ते कळतं, तुमचे पूर्वज त्यांत होते का ते कळत नाही.

तरी दोन उपयोग आहेत. 1951 पासून निघालेल्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावांच्या याद्या आहेत. आपलं गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होतं हे त्यांवरून ठरवता येतं, आणि ते आधी ठरवलं नाही तर माणूस चुकीच्या तहसिलीत खेटे घालत बसतो. दुसरा उपयोग 1951 च्या नागरिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा. ती त्या वर्षीच्या जनगणनेवरून तयार झाली आणि तिच्यात नावं आहेत. सर्व गावांची मिळत नाही, पण तुमच्या गावची मिळाली तर घरातली माणसं एकत्र लिहिलेली सापडतात.

जमिनीचं दप्तर: इथे मुक्काम करा

आजच्या सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात एक आकडा असतो. तो फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचा क्रमांक. आपला सगळा शोध त्या आकड्याला धरून मागे सरकतो. सातबाऱ्यावरून फेरफार, त्या फेरफारात मयत झालेल्या खातेदाराचं नाव, त्या खातेदाराच्या नावावर जमीन ज्या फेरफाराने आली तो आधीचा क्रमांक, असं करत जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा आणि 1913 मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामावला. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात ही साखळी साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकापर्यंत विनासायास जाते. त्या काळी मेलेला म्हातारा 1850 च्या आगेमागे जन्मलेला असू शकतो. म्हणजे एका नोंदवहीतून चार-पाच पिढ्या हाती लागतात.

गाव नमुना 6 चं, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीचं, जुनं पान नीट पाहिलं पाहिजे. चार रकाने असतात: अनुक्रमांक, हक्काचं स्वरूप, सर्व्हे नंबर आणि तपासणी अधिकाऱ्याचा शेरा. सगळा जीव दुसऱ्या रकान्यात असतो. तिथला नमुन्याचा मजकूर असा: ‘गणू बिन रामजी हा मयत. वारस मुलगे 1 तुकाराम 2 धोंडी 3 सखाराम अ.पा.क. आई भागू कोम गणू. पैकी तुकाराम याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल.’ या दोन ओळींत काय काय आहे पाहा. गणूचा बाप रामजी. तिघांपैकी सखाराम अज्ञान, म्हणून आई त्याची पालनकर्ती. भागू ही गणूची बायको, म्हणजे एरवी कुठेच न सापडणारं बाईचं नाव इथे मिळालं. आणि तुकाराम एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून पुढची पंचवीस-तीस वर्षं सातबाऱ्यावर त्याचं एकट्याचं नाव दिसेल, पण जमीन तिघांची असेल. धोंडीचे वंशज नुसता सातबारा पाहून ‘आमच्या पणजोबांच्या नावावर जमीनच नव्हती’ असं ठरवून बसतात ते या ए.कु.मॅ.मुळे. फेरफाराची पूर्ण नक्कल मागा, सारांशावर थांबू नका.

या पानांवर आडनाव बहुधा नसतं. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, विदर्भ-मराठवाड्यात वल्द, बायकोसाठी कोम किंवा भ्र. त्यामुळे आडनावावरून शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शोधायचा तो सर्व्हे नंबर. त्यातही एक अडचण आहे. 1947 च्या कायद्याखाली ज्या गावांत जमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गटावरून जुना सर्व्हे नंबर काढण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून, म्हणजे आपल्या बोलीतल्या मोजणी ऑफिसातून, एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्यावा लागतो. तो हाती आल्याशिवाय सातबाऱ्याआधीचे जुने उतारे, म्हणजे 1930 च्या सुमाराचं कडईपत्रक किंवा पाहणी पत्रक, मागण्यात अर्थ नाही.

या दप्तराची मोठी उणीव सांगायलाच हवी. ते जमीन असलेल्यांचं दप्तर आहे. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याचं रान कसलं, ज्यांच्याकडे फक्त सालदारकी होती, त्यांची नावं त्यात नाहीत. कुळांची नावं 1948 च्या कूळकायद्याच्या आसपास ठळकपणे येऊ लागतात. पाहणी पत्रकात ‘रीत’ नावाचा रकाना आहे आणि तिथे 3 लिहिलेलं असलं तर जमीन मालक नव्हे, दुसरा कोणी कसत होता. त्या दुसऱ्याचं नाव शेजारी वाचा. कदाचित तेच तुमच्या पणजोबांचं असेल.

घराण्याची जमीनच नसेल तर थेट जुन्या गाव नमुना 14 कडे जावं. ही गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. विदर्भात तिच्या नकलेला कोतवाल बुकाची नक्कल म्हणतात. जमीन असो वा नसो, मेलेल्याचं नाव, बापाचं नाव, जात आणि बहुतेक वेळा मृत्यूचं कारण तीत येतं. तहसिलीच्या अभिलेख कक्षात ती असते. माझ्या मते फेरफारानंतरचा हा सर्वांत मोलाचा कागद आहे, कारण फेरफारात ‘मयत’ एवढंच असतं आणि इथे तारीख मिळते.

शेतसाऱ्याचे कागद: पहिला नांगर कोणाचा, हे इथे कळतं

जमिनीचं दप्तर सांगतं की जमीन कोणाकडून कोणाकडे गेली. ती पहिल्यांदा लागवडीखाली कोणी आणली, हे साऱ्याच्या कागदांत असतं, कारण पडीक रान लागवडीला आल्याशिवाय सरकारला वसूल नव्हता आणि म्हणून कोण कुठे नवं रान फोडतोय याकडे दरबाराचं बारीक लक्ष असे.

मागे जाताना आधी लागतो तो इंग्रजांचा सर्व्हे. 1835-36 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली आणि पुढे ती इलाखाभर पसरली. क्लासर प्रत्येक शेताच्या मातीची प्रत आण्यांत ठरवायचा, सोळा आण्यांपासून खाली, आणि त्यावरून आकार बसायचा. त्या वेळची शेतवार पत्रकं, प्रतिबुकं, क्लासर रजिस्टरं भूमी अभिलेख कार्यालयांत आहेत. बरीचशी मोडीत आहेत आणि हातात घेतली की कडा तुटतात. पण ‘आकार इतका, खातेदार अमुक बिन अमुक’ अशी नोंद तिथे सापडली की तुम्ही फेरफाराच्या आणखी मागे गेलात.

या पद्धतीत खातेदाराला जमीन सोडायची मुभा होती. सोडणाऱ्याने राजीनामा द्यायचा, घेणाऱ्याने कबुलायत लिहून द्यायची. 1876-78 च्या दुष्काळात माणसं गावं सोडून गेली, जमिनी टाकल्या गेल्या. घराणं त्या सुमारास नव्या गावात आलं असेल तर कबुलायत शोधा. त्याच दशकातली कर्जाची कागदपत्रंही उपयोगी पडतात. 12 मे 1875 ला सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यानंतर 1879 चा दख्खन कृषक दिलासा कायदा आला आणि शेतकऱ्यांच्या दस्तांची गावपातळीवर नोंदणी होऊ लागली. गहाणखतात ऋणको म्हणून पूर्वज भेटतो, शेताच्या चतुःसीमा भेटतात, साक्षीदारांत भाऊबंद भेटतात.

त्याच्याही मागे पेशवाई. पुणे पुरालेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत आणि इथे शोधाची खरी श्रीमंती आहे. ओसाड गाव किंवा पडीक रान वसवायचं तर सरकार कौल (सवलतीचं लेखी वचन) द्यायचं: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दर वर्षी थोडा चढवत काही वर्षांनी पूर्ण धारा. याला इस्तावा म्हणत. अशा कौलात नाव असलेला माणूस हा खऱ्या अर्थाने रान फोडणारा मूळपुरुष. गावच्या कुळवार झाड्यात कोणाकडे किती जमीन, किती देणं, हे नावानिशी येतं. आणि थळझाड्यात गावची शेतं मूळ घराण्यांच्या थळांप्रमाणे, म्हणजे वडिलोपार्जित जमिनींप्रमाणे, लावलेली असतात. जे घराणं नष्ट झालं त्याचं थळ ‘गतकूळ’ म्हणून त्याच जुन्या नावाने चालू राहतं. वंशपरंपरेच्या हक्काने जमीन धरणारा मिरासदार कोण आणि बाहेरून येऊन कसणारा उपरी कोण, हेही तिथेच कळतं. तुमच्या शिवारात एखाद्या वावराला आज गावात नसलेल्या आडनावाने ओळखत असतील, तर ते नाव अशा थळाचं असण्याची शक्यता मी गंभीरपणे घेईन.

पण धोकाही इथेच आहे. 1780 च्या झाड्यातला ‘संताजी’ आणि 1910 च्या फेरफारातला ‘रामजी बिन संताजी’ एकाच घराचे, असं मानायचा मोह होतो. मधल्या तीन-चार पिढ्या सापडल्याशिवाय तो दुवा मानू नये. तारखांतही घोळ होतो. इसवी सन काढायला शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवायचे, फसली सनात 590 किंवा 591, शकात 78 किंवा 79. सन नुसता आकड्यात आणि बिनखुलाशाचा असेल तर गल्लत नऊ-दहा वर्षांची होते, म्हणजे बाप आणि मुलगा यांची अदलाबदल होते.

तुमचं गाव कुठल्या मुलखात

वरचं बरंचसं देशावरचं. कोकणात खोती गावांत सारा खोत भरायचा, म्हणून कुळांसाठी बोटखत पाहा. मराठवाड्यात 1948 पर्यंत निजामी अंमल, जुनं दप्तर बरंचसं उर्दूत, आणि सहज मिळणारा पाया म्हणजे 1954 चं खासरा पत्रक. पूर्व विदर्भात मालगुजारी होती (सारा गावचा मालगुजार भरायचा), तिथे बंदोबस्ताच्या मिसली, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज ही नावं घेऊन मागणी करावी. वऱ्हाडात मात्र रयतवारी (सारा शेतकरी थेट सरकारला भरायचा), मुंबई इलाख्याच्या वळणाची. गोव्यात गावकरीच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या) जणांची नोंद आणि कराचं मात्रीझ वेगवेगळं पाहावं लागतं, आणि पणजीचं पुराभिलेखागार फार मागे जातं. मॉरिशसच्या मराठी घरांसाठी पहिला कागद तिथल्या महात्मा गांधी संस्थेतली गिरमिटियांची (करारावर नेलेल्या मजुरांची) नोंद. तीतून बापाचं नाव आणि गाव कळलं, की मग रत्नागिरीची तहसील.

मग निवड कशी करायची

जातपडताळणीसाठी पुरावा हवा असेल तर पेशवे दप्तराच्या नादी लागू नका. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे कागद आणि त्यांना आजच्या अर्जदाराशी जोडणारी अखंड वंशावळ लागते. फेरफार नातं देतो, पण जातीचा रकाना त्यात नसतो. जात नमुना 14 आणि शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत. दोन्ही एकत्र लावा. 2023 मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधण्यासाठी तपासलेल्या अभिलेखांची यादी मोठी आहे, खरेदीखतांपासून कच्च्या कैद्यांच्या नोंदवहीपर्यंत. वेळ कमी असेल तर मी या दोन-तीनवरच भर देईन.

फक्त नावांची साखळी हवी असेल, तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीला तोड नाही. गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते, त्यात पूर्वजांनी स्वतः येऊन सांगितलेली नावं असतात. जमिनीबद्दल ती काही सांगत नाही, पण फेरफारात तुटलेला दुवा ती अनेकदा जोडते.

आणि रान कोणी फोडलं हेच जाणून घ्यायचं असेल तर सवड काढून साऱ्याच्या कागदांत उतरा, पण सर्व्हे नंबर, जुना तालुका-परगणा आणि 1900 च्या आसपासच्या खातेदाराचं नाव हाती आल्यावरच. मोडी वाचणाऱ्याकडे जाताना या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या, आणि लिप्यंतर ओळीला ओळ मागा. भावार्थ सांगताना ‘बिन’ गळतं, शेजारच्या शेताचं नाव गळतं, आणि पुढच्या शोधाला नेमकं तेच लागतं.