बोलेरो पिकअप: भरलेली गाडी घाट कशी उतरते

पिकअप बघायला गेलं की शोरूममधला पोरगा गाडी चढाला कशी ओढते तेवढंच सांगतो. कोल्हापूर-रत्नागिरी धंदा करणाऱ्याला ते ऐकून काय उपयोग? आमचा लोड खाली जातो. मार्केट यार्डात गुळाचे रवे, कोबी, टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि मलकापूरवरून आंबा घाट उतरून साखरप्याला लागायचं. परत येताना हौदा बहुतेक वेळा मोकळाच. म्हणून महिंद्राच्या १.७ टन माल नेणाऱ्या बोलेरो पिकअपबद्दल मी इथे उताराचंच लिहितोय. मायलेज, सीट, एसी यावर बोलणारे ढिगाने आहेत.

आधी निकाल सांगून टाकतो. इंजिनवर गाडी धरायची म्हटली तर या वजनाच्या गाड्यांत ही चांगली. इंजिन २५२३ सीसीचं, चार सिलिंडरचं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकंच उलट इंजिनाला फिरवायला लागतात, आणि जेवढं इंजिन मोठं तेवढं ते फिरवणं जड. ब्रोशरमधला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, इथे कामाचा नाही. टाटा योद्धाचं इंजिन २१७९ सीसीचं, कागदावर जोर बोलेरोपेक्षा जास्त, चढाला तो जाणवणारच. पण उतारावर इंजिन जोर लावत नसतं, जोर खात असतं.

आंबा गाव मागे पडलं की पहिल्या वळणाच्या आधीच मी दुसरा गिअर टाकतो. वळणात शिरल्यावर नाही, आधीच. इंजिन ओरडतं, शेजारी बसलेला नवखा घाबरतो, पण वेगाचा काटा तिशीच्या आसपास चिकटून राहतो आणि ब्रेक लागतो तो वळणापुरता किंवा समोरून एसटी आली तर. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, त्यामुळे थांबण्याची तयारी ठेवावीच लागते. तिसऱ्यात गाडी हळूहळू सुटत जाते, प्रत्येक वळणाला पाय ब्रेकवर. चौथ्यात इंजिन नावालाच आहे.

ब्रेकवर उतरणारे म्हणतात, ब्रेक कशाला दिलेत मग? हिशेब करून बघा. भरलेली गाडी साडेतीन टनांच्या आसपास जाते. ती शंभर मीटर खाली आली की जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात दहा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. आणि घाट म्हणजे असे शंभर मीटर एकामागून एक. इंजिनाने त्यातला वाटा उचलला नाही तर सगळी उष्णता पुढच्या डिस्कला आणि मागच्या ड्रमला. मग ब्रेक लायनरचा जळका वास येतो, पेडल खाली जातं, आणि साखरपा अजून लांब असतो.

न्यूट्रल मारून डिझेल वाचवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय, तरी एकदा लिहून ठेवतो. कॉमन रेल इंजिन, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो ते, गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणंच थांबवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतंच. म्हणजे बचत उलटी. चावी बंद करून उतरणारे तर धन्यच. इंजिन बंद म्हणजे पायाच्या दाबाला जोड देणाऱ्या ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम बंद, चार दाबांत पेडल दगड होतं.

आता कमतरता, आणि ही एकट्या बोलेरोची नाही. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची झडप मिटते आणि पिस्टनला पोकळीविरुद्ध ओढावं लागतं. डिझेल हवा मोकळी घेतं. दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलते, त्यामुळे कॉम्प्रेशन मोठं असूनही अडवणूक मोठी नाही. म्हणून तर मोठ्या ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक असतो, सायलेन्सरकडे जाणारी वाटच अडवतो तो. अमेरिकेतल्या रॅम २५०० पिकअपमध्ये ६.७ लिटरच्या कमिन्स डिझेलला तो कारखान्यातूनच येतो, डॅशबोर्डवर बटण. आमच्या गाडीला एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे डाव्या हातातला गिअर.

दीड लिटरचं तीन सिलिंडरवालं छोटं पिकअप घेऊन याच घाटात उतरलोय. शाहूपुरीच्या गल्लीत वळवायला झकास. घाटात मात्र दुसऱ्यातही ब्रेक हवाच, आणि पहिल्यात उतरायचं तर मागे हॉर्नची रांग.

पावसाळ्यात एक जपा. गाडी मागच्या चाकांवर चालते, म्हणजे इंजिन धरतं तेही मागच्याच चाकांना. भरलेल्या गाडीला त्याचं काही नाही. पण हौदा मोकळा असताना, ओल्या रस्त्यावर, वळणातच तिसऱ्यातून दुसरा टाकून क्लच झटक्यात सोडला तर शेपूट सरकते. आधी ब्रेकने वेग आणा, मग गिअर, क्लच हळू.

घ्यायची असेल तर टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या गाडीची घेऊ नका. हौद्यात पोती टाकायला लावा आणि जवळचा कुठलाही बरा उतार गाठा, पन्हाळ्याचा चालेल. दुसऱ्यात पाय काढून काटा कुठे थांबतो ते बघा. माझं सगळं म्हणणं १.७ टनापर्यंतचं आहे. अडीच टन कोंबणाऱ्याने ही घेऊ नये, एक्झॉस्ट ब्रेक असलेली मोठी गाडी बघावी.