ओशिवऱ्याचं सागवानी टेबल, इराण्याच्या खुर्च्या आणि मधला पावसाळा

गेल्या हिवाळ्यात जुन्या बाजारातून घेतलेलं सामान आता उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढून बसलंय. टेम्पोतून उतरवल्या उतरवल्या फोटो टाकणारे पुष्कळ असतात, पण जुन्या फर्निचरचा निकाल लागतो तो जुलैत. खण अडकतात, कोपऱ्यात बुरशी धरते, लाकडाखाली भुसा दिसायला लागतो. म्हणून लिहायची घाई केली नाही.

घेतलं ते एवढंच: जोगेश्वरी पश्चिमेच्या ओशिवऱ्याच्या बाजारातून चार खणांचं लिहायचं टेबल, चोर बाजारातून बेंटवूड, म्हणजे वाकवलेल्या लाकडाच्या, खुर्च्यांची जोडी, आणि गिरगावात एका ओळखीच्यांची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा त्यांच्याकडचं जाळीचं कपाट. ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये याहून जास्त मावत नाही.

आधी टेबल. दुकानदाराने नेहमीची सुरुवात केली, "मॅडम, असली बर्मा टीक है, सौ साल पुराना." भाव सांगितला २८ हजार. वरून टेबल देखणंच होतं. मी एकेक खण बाहेर काढून उलटा केला आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली वाकले. फळीच्या पोटात जागोजागी लाकडाच्या बारक्या गुट्ट्या ठोकलेल्या, दोन ठिकाणी खिळ्याच्या भोकाभोवती काळं पडलेलं. लोखंडी खिळा वर्षानुवर्षं लाकडात राहिला की असा डाग पडतो. टेबलाच्या मधोमध कुणी खिळे ठोकत नाही. म्हणजे ही फळी आधी कुठल्यातरी दाराची नाहीतर तुळईची होती. खालच्या पट्टीवर गोल करवतीच्या पात्याचे एकसारखे कमानदार ओरखडे, आतले स्क्रू प्लस खाचेचे. ही खाच १९३०च्या दशकात अमेरिकेत निघाली आणि आपल्याकडच्या सुतारांच्या हातात यायला आणखी बराच काळ गेला. स्क्रू नंतर बदलता येतात हे खरं, पण सगळ्या खुणा मिळून एकच सांगत होत्या: लाकूड जुनं, टेबल नवं.

आता हे वाईट आहे का? माझ्या मते अजिबात नाही. ओशिवऱ्यात बराचसा माल असाच बनतो. पाडलेल्या इमारतींच्या तुळया, चौकटी, जिन्यांचे कठडे येतात, मागच्या कारखान्यात चिरले जातात आणि पुढच्या दुकानात टेबल-खुर्च्या होऊन उभे राहतात. त्या सागवानाने शंभर पावसाळे पाहिलेले असतात, त्यामुळे ते आणखी पिळण्या-वाकण्याची भीती कमी. आज वखारीतून घेतलेल्या कोवळ्या सागात पांढरट भाग बराच येतो आणि वाळवी पहिली तोच खाते. सागाची ख्याती आहे ती गाभ्याच्या लाकडाची. फक्त अशा टेबलाला अँटिकचा भाव द्यायचा नाही. मी दुकानदाराला गुट्ट्या दाखवल्या आणि म्हटलं, "भाई, लकडी पुरानी है, मान लिया. टेबल तो आपके यहाँ का है." तो हसला. १६,५०० ला ठरलं आणि त्यानेच चहा मागवला.

बर्मा टीकचं म्हणाल तर मुंबईत ते खरंच भरपूर आलं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ सालची, आणि तिचा मोठा धंदा ब्रह्मदेशच्या सागाचाच होता. त्यामुळे जुन्या मुंबईच्या तुळयांत ते असणार. पण म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि बाजारात मात्र बर्मा टीक काही संपत नाही! ब्रह्मदेशचा, केरळातल्या निलंबूरचा किंवा आपल्या आलापल्लीचा, साग जातीने एकच. उभ्या उभ्या फळी बघून हा कुठला हे छातीठोक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. मी बघते ते रेषा किती दाट आहेत, हाताला किंचित तेलकट लागतं का, आणि पॉलिश नसलेल्या जागी नखाने खरवडल्यावर चामड्यासारखा वास येतो का.

पावसाळ्यात टेबलाचं काय झालं? वरची फळी जशीच्या तशी, बाजू तशाच. जुलैच्या मध्याला खालचे दोन खण अडकले. खण काढून बघितले तर समोरचं तोंड आणि बाजू सागाच्या, तळाला हलकं प्लाय, आणि मागची पट्टी ज्याला बाजारात जंगली लाकूड म्हणतात त्यातली. फुगली होती ती हीच पट्टी. आमच्या सुतारकाकांनी रंध्याचे दोन हात मारले, सरकपट्ट्यांवर मेणबत्ती घासली, आणि प्लायच्या जागी पुढेमागे सागाच्या पातळ फळ्या घाला म्हणाले. ते काम अजून बाकी आहे. दुकानात खणाचं तोंड सगळेच बघतात. मागची पट्टी बघा, पैसे तिथे वाचवलेले असतात.

पॉलिशबद्दल थोडं सविस्तर, कारण त्याने सगळ्यात जास्त त्रास दिला. दुकानातून आलेली भडक तपकिरी चकाकी मी उतरवून घेतली आणि चपडा-स्पिरिटचं जुन्या पद्धतीचं लाखेचं पॉलिश करून घेतलं. पॉलिशवाल्याचे दिवस आणि साहित्य मिळून सहा हजारांच्या घरात गेले. दिसायला त्याला तोड नाही. लाकूड आतून उजळल्यासारखं दिसतं, प्लास्टिकचा पापुद्रा चढवल्यासारखं नाही. पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणजे सॅनिटायझरमध्येही विरघळते. मुलाने ओल्या हातांनी सॅनिटायझरची बाटली टेबलावर ठेवली आणि तिथे चिकट चट्टा उठला. गरम कपाखाली पांढरी कडी उमटते ती वेगळीच. त्यातल्या त्यात बरं हे की लाखेची दुरुस्ती तेवढ्यापुरती होते. बोळा फिरवला की डाग गेला. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश दणकट असतं, पण एकदा खरचटलं की सगळी फळी घासावी लागते. घरात लहान मुलं असतील आणि टेबल रोज जेवणाखाणाला वापरायचं असेल तर पीयूच करा. लिहायच्या टेबलाला मी पुन्हा लाखच लावेन.

एखाद्या जुन्या वस्तूचं पॉलिश लाखेचं आहे का हे बघायचं तर स्पिरिटचा बोळा आतल्या कोपऱ्यात घासायचा. बोळ्याला तपकिरी चिकट लागलं तर लाख. दुकानदाराला विचारून करा, नाहीतर तो रास्त कारणाने भडकेल.

आता खुर्च्या. चोर बाजार म्हणजे भेंडी बाजाराजवळची मटण स्ट्रीट. शुक्रवारी तिथली फर्निचरची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, तेव्हा खुर्च्या-कपाटांसाठी जायचं तर शुक्रवार सोडून. इराणी हॉटेलं बंद पडत गेली तशा त्यांच्या काळ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या या बाजारात येत गेल्या. हे वाण मूळ युरोपातलं. तिथल्या फर्निचर बनवणाऱ्या मिखाएल टोनेटने १८५९ साली काढलेली चौदा नंबरची खुर्ची लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नटांत उभी राहायची, आणि सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावायच्या. जहाजाने जगभर पोचली ती त्यामुळेच.

बाजारात खऱ्यांइतक्याच नकलाही आहेत. ओळख सोपी आहे, पण खुर्ची उजेडात न्यावी लागते. पाठीच्या कमानीवर बोट ठेवून लाकडाची रेष धरायची. खऱ्या बेंटवूडमध्ये बीचच्या लाकडाची काठी वाफेवर मऊ करून वाकवलेली असते, त्यामुळे रेष बोटाबरोबर वळत वळत दुसऱ्या पायापर्यंत जाते. नकलेत जाड फळीतून कमान कापून काढतात. तिथे वळणावर रेषा तुटतात आणि बहुधा सांधाही दिसतो. खुर्ची मोडते तीही त्या वळणावरच. शिवाय बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कागदी लेबलाचा तुकडा किंवा भाजून उमटवलेला छाप सापडतो का बघायचं. माझ्या एका खुर्चीवर लेबलाची जागा आहे, लेबल गेलंय. दोन्ही मिळून साडेसहा हजार पडल्या.

पण बीच म्हणजे साग नव्हे. लाकूड पोखरणाऱ्या किड्याला ते फार आवडतं. मे महिन्यात एका खुर्चीच्या मागच्या पायाशी फरशीवर पिठासारखा भुसा पडायला लागला. पुसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. भोकं टाचणीच्या डोक्याएवढी, कडा फिकट, म्हणजे ताजी. जुनी भोकं आतून काळवंडलेली असतात आणि ती असायला हरकत नाही. सुतारकाकांनी प्रत्येक भोकात इंजेक्शनच्या सुईने औषध सोडलं, खुर्ची काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून आठवडाभर गच्चीवर ठेवली, मग भोकं मेणाने बुजवली. त्यानंतर भुसा नाही. तरी दर महिन्याला खुर्ची उचलून खालची फरशी बघते. बीचची खुर्ची घेणाऱ्याने ही सवय लावूनच घ्यावी.

जाळीच्या कपाटाबद्दल तक्रारीला जागाच नाही. आमच्या आधीच्या पिढीने फ्रिज नसताना दूध-दही त्यात ठेवलं आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. चारही पाय खालून दोन-तीन इंच काळपट आहेत ते त्या पाण्याने. पॉलिशवाला म्हणाला, "घासून काढू?" मी नको म्हटलं. जिथे माणसांचा हात, पाणी, किल्ली लागते तिथेच झीज असली की वस्तू वापरातली. सगळीकडे सारखी झिजलेली वस्तू दिसली तर ती पॉलिश पेपरने झिजवलेली असते. हे कपाट वापरातलं आहे, आणि त्याच्या कोपऱ्यांतले कुसू, म्हणजे खाचेत बसवलेले लाकडी सांधे, अजून एक केसभरही हललेले नाहीत. गंजलेली जाळी बदलली, एवढाच खर्च. आता त्यात कांदे-बटाटे आणि लोणच्याच्या बरण्या असतात. पावसात कांदा एरवी आठवड्यात कोंब काढतो, यात बऱ्यापैकी टिकला.

अशी वस्तू दुकानात यायच्या आधी थेट घरातून मिळाली तर तिच्याइतकं स्वस्त काहीच नसतं, कारण घर रिकामं करणाऱ्याला महिनाअखेर गाठायची असते. फक्त तिथे भावावरून ताणू नये असं मला वाटतं. कपाट देणाऱ्या काकू पैसे घ्यायलाच तयार नव्हत्या. शेवटी मी हमाल-टेम्पोच्या पैशांत त्यांचं उरलेलं सामान नव्या जागी पोचवून दिलं.

टेम्पोवरून आठवलं. भाव करताना लोक वाहतूक विसरतात. ओशिवऱ्याहून ठाण्याला टेबल आणायला टेम्पो आणि दोन हमाल मिळून २,२०० लागले. सोसायटीची लिफ्ट आधी मोजून ठेवा. मोठी जुनी कपाटं बहुधा सुटी होतात. वरची महिरप, बाजू, पाठ लाकडी पाचरींवर बसवलेली असते. पाचर कुठे आहे हे दुकानदाराकडूनच उलगडून घ्या आणि सुटं करताना व्हिडिओ काढा. टेबल तसं सुटं होत नाही, आमचं जिन्यावरूनच चढलं.

एकूण हिशेब असा: टेबल पॉलिश-वाहतुकीसह पंचवीस हजारांच्या आसपास. त्याच मापाचं नवं अस्सल सागवानी टेबल आमच्या सुतारकाकांनी पन्नासच्या खाली शक्य नाही म्हणून सांगितलं होतं. प्लाय-लॅमिनेटचं याहून स्वस्त पडलं असतं. माझ्या दृष्टीने फायद्याचा सौदा. पण पॉलिश, दुरुस्ती, हमाली न धरता "साडेसोळा हजारात सागवानी टेबल" असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं.

बाजारात मी काय सोडून आले तेही सांगते. बेल्जियन आरसा: बाजारातला प्रत्येक जुना आरसा बेल्जियनच असतो, त्यामुळे तो शब्द मी हिशेबातच धरत नाही. गाद्या-कापडाच्या बैठकी असलेले सोफे आणि जुने पलंग सोडले, ढेकणांच्या भीतीने; लाकडाच्या सांध्यांत ते महिनोन्‌महिने दबा धरून राहतात. आणि एक गोल टेबल मात्र चुटपुट लावून गेलं. टेप लावली तर एका बाजूने व्यास दुसरीपेक्षा काही मिलिमीटर कमी. लाकूड रेषेच्या आडव्या बाजूने आकसतं, त्यामुळे खरं जुनं गोल टेबल काटेकोर गोल राहत नाही. ते नक्की जुनं होतं, किंमतही तशीच होती, आणि घरात जागा नव्हती.

न्यू जर्सीच्या नणंदेला तेच हवं होतं. तिला सांगितलं ते इथेही सांगते: शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. दुकानदार शंभर वर्षांचं म्हणून विकतो आणि "पार्सल हो जाएगा" असंही म्हणतो. दोन्ही एकदम खरं कसं असेल हे त्यालाच विचारावं. शिसवी लाकूड असेल तर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आणखी वेगळे.

राहिली खुर्चीच्या बैठकीची वेताची जाळी. ऑगस्टमध्ये एकीची जाळी सैल पडली होती. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने गरम पाण्यात बुडवलेलं फडकं फिरवलं आणि रात्रभर सुकू दिली, तेव्हा ती बरीच ताणली गेली. वरून पाणी लावायचं नाही, वरच्या बाजूला वेताची गुळगुळीत साल असते, पाणी शोषतो तो खालचा भाग. दुसरीचे मधले चार-पाच वेत तुटलेच आहेत, तिला नव्याने विणण्यावाचून इलाज नाही. खुर्च्या विणण्याचं काम अंध कारागिरांच्या कार्यशाळांत पूर्वापार चालत आलंय, तिथे चौकशी करणार आहे. बाजारातले काही जण तयार जाळीचा तुकडा आणून कडेला चिकटवून देतात. माझ्या खुर्चीच्या कड्याला एकेक वेत ओवायची भोकं आहेत, तेव्हा ती हातानेच विणून घेणार, दिवस लागले तरी चालतील.