अटक झाली होती, शिक्षा नाही: पीआरच्या (परदेशात कायमचं राहण्याच्या परवान्याच्या) अर्जात अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाला काय सांगायचं?

समजा, २०१३ साली कळव्यात सोसायटीतल्या हाणामारीत पोलिसांनी तुम्हालाही उचललं. दुसऱ्या दिवशी जामीन, काही वर्षांनी ठाणे कोर्टातून निर्दोष मुक्तता. आता ऐरोलीत आयटीत नोकरी, आणि पासपोर्ट सेवा केंद्रातून आलेल्या पीसीसीवर (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटवर) कसलाच शेरा नाही. एजंट म्हणतो, ‘पीसीसी क्लिअर आहे ना, मग जुनं कशाला उकरता?’ त्याचं ऐकू नका. पीसीसीत पोलीस बोलतात, फॉर्ममध्ये तुम्ही. आणि तिन्ही देशांचे प्रश्न सारखे नाहीत.

अमेरिकेचा प्रश्न सर्वांत धारदार. मुंबईच्या वकिलातीमार्फत ग्रीन कार्ड घेणाऱ्याला डीएस-२६० हा फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘कधी अटक झाली किंवा दोषी ठरलात का, माफी मिळाली असली तरी’ असं विचारतात. कळव्याच्या प्रकरणाचं उत्तर ‘हो’. तिकडे राहून ग्रीन कार्डसाठी आय-४८५ फॉर्म भरणाऱ्याला तर ताब्यात घेतलं होतं का, हेही सांगावं लागतं. निर्दोष सुटलेल्याचा अर्ज फक्त अटकेमुळे सहसा अडत नाही. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवली असं ठरलं, तर मात्र बंदी कायमची. त्यातून सूट मागायला पती, पत्नी, आई किंवा वडील अमेरिकी नागरिक वा ग्रीन कार्डधारक लागतात. मुलं नागरिक असून भागत नाही.

कॅनडाच्या शेड्यूल ए मध्ये (आयएमएम ५६६९) दोन प्रश्न नीट वाचा. एक फौजदारी कारवाईबद्दल, दुसरा कधी ताब्यात किंवा तुरुंगात होतात का याबद्दल. मोर्चात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ६८ खाली ताब्यात घेऊन संध्याकाळी सोडलेले अनेक जण याला अटक मानत नाहीत. पण इथे ‘ताब्यात’ असंच विचारलंय, म्हणून ‘हो’ लिहा आणि दोन ओळींत हकीकत द्या. याउलट अटक झालीच नाही, फक्त नोटीस आली आणि पुढे चार्जशीट दाखल झाली, तर पहिल्या प्रश्नाला ‘हो’. चुकीच्या माहितीची शिक्षा पाच वर्षांची बंदी.

ऑस्ट्रेलियाचा फॉर्म ८० मुख्यतः दोषी ठरलात का (नोंद पुसली गेली असली तरी) आणि एखादा आरोप अजून प्रलंबित आहे का, हे विचारतो. जुन्या, सुटलेल्या प्रकरणाला इथे सर्वांत कमी त्रास. खोटी माहिती पकडली गेली तर साधारण तीन वर्षं व्हिसा नाही.

माझं मत स्पष्ट आहे: विचारलंय तेवढं पूर्ण सांगा, आणि ताकद कागदांवर लावा. एफआयआर, चार्जशीट आणि निकालाची प्रमाणित नक्कल मिळवा. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर नावाने शोधून सीएनआर नंबर (खटल्याचा ओळख क्रमांक) मिळाला तर नक्कल विभागातलं काम सोपं होतं. ठाणे आणि नवी मुंबई ही वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, त्यामुळे आज तुम्ही नेरूळला राहत असलात तरी कळव्याचे कागद ठाण्यातच. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. तक्रार खोटी ठरून बी समरी (पोलिसांचा केस बंद करण्याचा अहवाल) मंजूर झाली असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लावाच, शिवाय बी समरी म्हणजे काय हे वकिलाकडून एका परिच्छेदात लिहून घ्या. परदेशातल्या अधिकाऱ्याला तो शब्द कळणार नाही. उच्च न्यायालयाने एफआयआर रद्द केला असेल तर तो आदेश तर हवाच. पण त्याने ‘कधी अटक झाली का’चं उत्तर बदलत नाही.

आधीच ‘नाही’ लिहून अर्ज गेला असेल तर त्यांनी विचारायची वाट बघू नका. ऑस्ट्रेलियासाठी फॉर्म १०२३ आहे, कॅनडाला वेबफॉर्मवरून कळवता येतं. अमेरिकेच्या बाबतीत अधिकाऱ्याने पकडण्याआधी स्वतःहून केलेली दुरुस्तीच धरली जाते, म्हणून मुलाखतीच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. एजंटला नाही.