मुलीच्या हॉकी वर्गाचा दीड वर्षाचा अनुभव

माझी १३ वर्षांची मुलगी गेल्या दीड वर्षापासून पिंपरी-चिंचवड परिसरातील या हॉकी प्रशिक्षण वर्गात जाते. प्रवेश घेण्यापूर्वी मी इतर पालकांचे अभिप्राय वाचले होते. त्यांत फी, वेळा, मैदान आणि प्रशिक्षकांचा स्वभाव यांविषयी पुरेशी माहिती होती. परंतु मुलांना प्रत्यक्ष सामन्यात किती वेळ खेळायला मिळते, हे कोणीही लिहिलेले नव्हते. आज मला विचाराल, तर प्रवेश घेताना सर्वांत आधी विचारावा असा प्रश्न तोच आहे, आणि म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्याविषयी लिहीत आहे.

याआधी ती आठ महिने दुसऱ्या एका वर्गात होती. तेथे कवायती चांगल्या घेतल्या जात, शिस्तही होती. मात्र शनिवारच्या सराव सामन्यातले अकरा जण कायमचे ठरलेले असत. बाकीची मुले पाण्याच्या बाटल्या सांभाळत बाकावर बसत आणि निकाल स्पष्ट झाल्यावर शेवटच्या पाच मिनिटांसाठी त्यांना मैदानात पाठवले जाई. त्या पाच मिनिटांत माझी मुलगी काय करत असे, ते मी बाहेरून अनेकदा पाहिले. चेंडू स्टिकला लागला की हातात निखारा आल्यासारखा ती तो दूर ढकलून देई, समोर कोण आहे हे मान वर करून पाहतही नसे. पाच मिनिटांत एक चूक झाली, तर पुढच्या शनिवारी तीही पाच मिनिटे मिळणार नाहीत, हे तिला ठाऊक होते. तिच्या वहीत शेरा मात्र ‘घाबरते’ असा पडला. संधी मिळत नसल्यामुळे ती बिचकत होती आणि बिचकते म्हणून तिला संधी मिळत नव्हती. या फेऱ्यातून मूल स्वतःच्या बळावर बाहेर पडू शकत नाही, हे कळायला मला आठ महिने लागले, याची खंत आजही आहे.

या वर्गातील मुख्य प्रशिक्षकांकडे एक साधी दोनशे पानी वही असते. प्रत्येक सराव सामन्यात कोणते मूल कोणत्या जागी किती मिनिटे खेळले, याची त्यात नोंद होते. चार सत्रांच्या सामन्यात प्रत्येक मुलाला किमान दोन पूर्ण सत्रे मिळतात आणि त्यांतले एक पहिले किंवा दुसरे असावे, असा त्यांचा नियम आहे, कारण निकाल लागून गेल्यावरच्या सत्रात खेळाडूवर कोणतीही जबाबदारी उरत नाही. हॉकीच्या नियमांत खेळाडू बदलण्यावर मर्यादा नाही. पेनल्टी कॉर्नरची (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीमुळे गोलजवळ मिळणाऱ्या फटक्याची) वेळ वगळली, तर खेळ न थांबवता कितीही वेळा बदली करता येते. ही मुभा प्रशिक्षकाने जिंकण्यासाठी वापरायची की शिकवण्यासाठी, हे त्याच्यावर अवलंबून असते. येथे आणखी एक नियम पाळला जातो आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे: चूक झाल्यानंतर लगेच कोणालाही बाहेर बोलावले जात नाही.

या नियमाचा अर्थ मला पहिल्या पावसाळ्यानंतरच्या एका सामन्यात समजला. माझी मुलगी फुलबॅक होती आणि तिच्या मागे केवळ गोलरक्षक होता. तिने चेंडू बाजूला काढून देण्याऐवजी समोरून धावत आलेल्या मुलीला चकवण्याचा प्रयत्न केला, चेंडू गमावला आणि गोल झाला. तिने सवयीने बाकाकडे पाहिले. प्रशिक्षकांनी तिला हाताने जागेवर थांबण्याची खूण केली आणि पुढचा चेंडू मुद्दाम तिच्याकडेच द्यायला सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीतील मुलीला, सांगितले. सामना संपल्यावर त्यांनी तिला एवढेच विचारले, “चकवायचा निर्णय चुकला, की जागा चुकली?” तिने थोडा विचार करून “जागा” असे उत्तर दिले. हाच डाव पुढे, प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडील पंचवीस यार्डांत केला असता, तर चेंडू गमावूनही फारसे बिघडले नसते, हे तिचे तिलाच उमगले. घरी येताना ती त्या गोलबद्दल रडली नाही. स्टिक कोणत्या कोनात धरायला हवी होती, हे मला रस्ताभर सांगत राहिली.

ती डावखुरी आहे, याचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. हॉकीत डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. सपाट बाजू सर्व स्टिकना एकाच अंगाला असते आणि चेंडू त्याच बाजूने खेळावा लागतो. आधीच्या वर्गात हे तिच्यातील वैगुण्य मानले गेले होते. येथे पहिल्याच आठवड्यात सहायक प्रशिक्षक ताईंनी तिला समजावले की, स्टिकवर वरचा हात डावा असतो, स्टिक फिरवण्याचे मुख्य काम तोच करतो आणि उजवा हात आधार देतो, त्यामुळे तिचा बळकट हात योग्य ठिकाणीच आहे. रिव्हर्स बाजूने, म्हणजे स्टिक उलटी फिरवून डावीकडचा, चेंडू अडवण्यात आज ती तिच्या गटातील बहुतेकींपेक्षा सरस आहे, आणि त्याची सुरुवात त्या एका वाक्यापासून झाली, असे मला वाटते.

मुलांची वाहवा करून आत्मविश्वास वाढतो, असा येथे कोणाचाही समज नाही, हे मला विशेष भावले. कौतुक मोजके असते आणि ते नेमक्या कृतीचे असते. सरावाचा पहिला अर्धा तास चेंडू थांबवणे आणि पुश करणे (फटका न मारता स्टिकने ढकलणे) यांतच जातो. ते कंटाळवाणे आहे, मुली कुरकुरतात, तरीही त्यात सवलत मिळत नाही. शंभरदा नीट थांबवलेला चेंडू एकशेएकाव्या वेळी सामन्यात येतो, तेव्हा खेळाडूला मान वर करून पाहायला अर्धा क्षण मिळतो, आणि प्रेक्षकांना आत्मविश्वास दिसतो तो त्या अर्ध्या क्षणात. माझ्या मुलीत झालेला बदल मला फ्री हिटच्या (समोरच्या संघाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या फटक्याच्या) वेळी सर्वाधिक जाणवतो. फ्री हिट मिळाल्यावर चेंडू दुसऱ्याकडे न देता स्वतःच पुढे घेऊन निघण्याची मुभा २००९ पासून नियमांत आहे. पूर्वी ती फ्री हिट घ्यायलाच पुढे येत नसे; आता ती चेंडू ठेवते, समोरच्या मुली पाच मीटर मागे सरकण्याच्या आत स्वतःलाच पास देते आणि धावू लागते.

संधीचा दुसरा भाग म्हणजे मैदान. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर राहिला, हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. मातीवर चेंडू उसळतो, वेडावाकडा येतो. टर्फवर तो सरळ आणि वेगाने येतो, त्यामुळे वाकण्याची, धावण्याची आणि चेंडू अडवण्याची पद्धतच बदलते. केवळ मातीवर वाढलेली मुलगी निवड चाचणीसाठी थेट टर्फवर उतरली, तर पहिली दहा मिनिटे ती अडखळणारच, आणि निवड समिती बहुधा तीच दहा मिनिटे पाहते. या वर्गात आठवड्यातून तीन दिवस माती आणि दोन दिवस भाड्याचे टर्फ असते. टर्फच्या दिवशी सर्वांना समान वेळ मिळतो, ‘चांगल्या’ मुलींना जास्त असे नसते.

खडकी येथून जवळच आहे, त्यामुळे धनराज पिल्ले यांचे नाव या परिसरात कोणत्याही हॉकी वर्गात निघतेच. खडकीच्या वसाहतीत मोडक्या स्टिक बांधून ते खेळू लागले, पुढे थोरले बंधू रमेश यांच्या आधाराने मुंबईच्या हॉकीत आले, १९८९ मध्ये भारताकडून पहिल्यांदा खेळले आणि १९९२ ते २००४ या काळातील चारही ऑलिंपिक स्पर्धांत उतरले. ही कथा बहुतेक वेळा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. आमचे प्रशिक्षक मात्र मुलांना ती सांगताना रमेश यांच्यावर अधिक वेळ थांबतात, कारण मुंबईचे दार आतून उघडणारे कोणीतरी होते म्हणून ती जिद्द कामी आली. हरियाणातील शाहाबादच्या राणी रामपाल २०१०च्या विश्वचषकात अवघ्या १५ वर्षांच्या होत्या. तेथे त्यांनी सात गोल केले आणि त्यांना स्पर्धेतील सर्वोत्तम युवा खेळाडूचा मान मिळाला. त्या वयाच्या मुलीला विश्वचषकाच्या संघात खेळवण्याचे धाडस कोणीतरी दाखवले होते. आमच्या मुलींना सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण सातारा जिल्ह्यातील वैष्णवी फाळके यांचे आहे. २०२३च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात त्या होत्या, आणि ते आडनाव ओळखीचे वाटले की मुलींच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते कोणत्याही भाषणाने साध्य होत नाही.

वयोगटाबाबत या वर्गाची एक पद्धत मला अन्यत्र आढळली नाही. वयोगट १ जानेवारीच्या तारखेवर ठरतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलगी एकाच गटात येतात. बाराव्या-तेराव्या वर्षी हे अकरा महिने उंचीत आणि ताकदीत स्पष्ट दिसतात. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा १९८०च्या दशकात तपासल्या गेल्या, तेव्हा वर्षाच्या आरंभी जन्मलेल्यांची संख्या लक्षणीय रीतीने अधिक निघाली होती. मोठी मुले आधी निवडली जातात, त्यांना जास्त सामने मिळतात आणि त्या सामन्यांमुळे ती खरोखरच पुढे जातात. आमच्या प्रशिक्षकांच्या वहीत प्रत्येक नावापुढे जन्ममहिना लिहिलेला असतो आणि संघ निवडताना ते तो पाहतात. माझ्या मुलीचा जन्म नोव्हेंबरचा आहे.

आता उणिवांविषयी. गोलरक्षकाचे साहित्य एकच आहे आणि ते मोठ्या मापाचे आहे. पॅड, किकर (पावलांवरचे संरक्षक) आणि हेल्मेट महाग असतात हे मी जाणते. परंतु प्रत्येक मुलीने महिन्यातून एकदा गोलमध्ये उभे राहावे, असा नियम असताना गुडघ्याच्या वर जाणारे पॅड बांधून बारा वर्षांची मुलगी हलणार कशी? माझी मुलगी गोलमध्ये त्यामुळेच पुन्हा बिचकू लागली होती. मुलींसाठी कपडे बदलण्याची जागा अपुरी आहे. हिवाळ्यात सहानंतर मातीच्या मैदानावर उजेड कमी पडतो आणि चेंडू दिसेनासा होतो, तेव्हा सराव वेळेआधी थांबवावा, ही विनंती मी दोनदा केली आहे. शिवाय, जिंकण्याला पहिले स्थान देणाऱ्या पालकांना हा वर्ग मानवणार नाही. मिनिटांच्या वहीमुळे आमच्या गटाने गेल्या हंगामात काही सामने गमावले, हे खरे आहे, आणि त्यावरून दोन पालकांनी मुलांना दुसरीकडे नेले. मी त्यांना दोष देत नाही. पण ज्यांची मुले तेव्हा बाकावर बसली असती, त्यांच्याकडूनही त्याच सामन्यांविषयी ऐकून घ्यावे.

नवीन पालकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. पहिले दोन आठवडे वर्गाची स्टिक वापरता येते, त्यामुळे लगेच खरेदी करू नये. मुलाच्या उंचीनुसार माप प्रशिक्षक सांगतात. शिन गार्ड आणि माउथ गार्ड मात्र पहिल्या दिवसापासून सक्तीचे आहेत. मिनिटांची वही पालकांना केव्हाही पाहता येते, फक्त आपल्या मुलाचे पान पाहावे, इतरांचे नाही, असा संकेत आहे. मी दर तीन महिन्यांनी ते पान पाहते. मागच्या वेळी माझ्या मुलीच्या पानावर गोलरक्षक या रकान्यात पंधरा मिनिटांची नोंद होती आणि शेजारी पेन्सिलीने लिहिले होते, ‘लहान पॅड आणल्यावर पुन्हा.’ ते पॅड अजून आलेले नाहीत. पुढच्या महिन्याची फी भरायला जाईन, तेव्हा मी त्याविषयी पुन्हा विचारणार आहे.