लाळेवरून "रक्तवाहिन्यांचं वय" सांगणाऱ्यांपासून सावध राहा

जुळे सोलापुरात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये फ्री बीपी चेकअपचं शिबिर लागलं होतं, पांढरे कोट घातलेली दोन पोरं आणि एक मॅडम, अण्णा आणि आई दोघं गेले, बीपी बघून झाल्यावर मॅडम म्हणाल्या थुंकीतून डीएनए टेस्ट करून घ्या, नसा किती म्हाताऱ्या झाल्यात ते कळतं, नाहीतर डायरेक्ट अटॅकच येतो. माणशी साडेसहा हजार. अण्णांच्या थोरल्या भावाला अटॅक येऊन गेलाय हे त्यांनी आधीच गोड बोलून काढून घेतलं होतं.

सँपल कसं घेतलं ते ऐका. तिथंच चहा दिला आणि कप खाली ठेवायच्या आत साध्या प्लास्टिकच्या डबीत थुंकायला लावलं. अशा टेस्टला अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नसतं, तंबाखू तर नाहीच, आणि खऱ्या किटच्या नळीत डीएनए टिकवायचं लिक्विड असतं.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. अण्णा 61 चे, नसा म्हणे 78 च्या. आईच्या पण 78 च्याच! खाली जीन्सचा लांबलचक तक्ता, दोन्ही मोबाईल शेजारी ठेवून मी ओळ न ओळ ताडून बघितली, सगळं सेम टू सेम. नवरा-बायकोचे जीन्स असे जुळतात का कुठं? लॅबचं नाव नाही, लॅबच्या मान्यतेचा एनएबीएल नंबर नाही, डॉक्टरची सही नाही.

पैशापेक्षा जास्त राग याचा की मग फोन करकरून नसा साफ करायची पावडर नऊ हजाराला गळ्यात मारली आणि बीपीची गोळी बंद करा म्हणून सांगितलं. अण्णांचं डोकं ठणकायला लागलं, फॅमिली डॉक्टरांकडं नेलं तर बीपी 180/110. डॉक्टरांनी नीट समजावलं, जीन्स जन्मापासून तेच असतात, त्यावरून फार तर धोक्याचा अंदाज येतो, आज नस किती कडक झालीय ते त्यात दिसत नाही, त्यासाठी बीपी, शुगर, लिपिड प्रोफाइल म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी आणि गरज लागली तर मानेच्या नसांची डॉपलर सोनोग्राफी. घराण्यात कमी वयात अटॅक आलेले असतील आणि एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल लई वाढलेलं असेल तर जीन टेस्ट करतात, पण ती डॉक्टर पेशंट बघून लिहून देतात.

यूपीआयचे स्क्रीनशॉट जोडून 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीय, पैसे अजून आलेले नाहीत. आता हेच लोक विडी घरकुलकडं शिबिर लावणार असं ऐकतोय, तिकडं कुणाचे आईवडील असतील तर आजच फोन करून सांगा, आणि कुणी यांचं ऐकून गोळी बंद केली असेल तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.